झाडाच्या कवितेखालची कविता

माझी भाची दहावीत आहे. मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण येतं आणि त्यासाठी तिच्या वहीत तीन मथळे आखून ठेवलेले आहेत: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. कुठलीही कविता आली की ती या तीन कप्प्यांत बसवायची. गेल्या दिवाळीत माझ्या टेबलावरचं एक अनुवादित पुस्तक तिनं सहज उघडलं, एक पान वाचलं आणि विचारलं, "मावशी, ही कविता आहे की यादी?"

ते पान महमूद दरवीश यांचं होतं. २००२ साली इस्रायली सैन्यानं रामल्ला शहराला वेढा घातला तेव्हा हा पॅलेस्टिनी कवी त्याच शहरात होता. वेढ्यातल्या दिवसांवर त्यानं छोट्या छोट्या तुकड्यांची एक दीर्घ कविता लिहिली. त्यातल्या एका तुकड्यात तो नुकसानीचा हिशेब मांडतो. रोजचे दोन ते आठ शहीद. दहा जखमी. वीस घरं. ऑलिव्हची पन्नास झाडं. आणि शेवटी, त्याच सुरात, कवितेच्या, नाटकाच्या, अर्धवट राहिलेल्या चित्राच्या बांधणीत जो दोष राहून जाईल तोही.

यमक नाही, उपमा नाही, आणि मूळ अरबीतला नाद अनुवादात उतरलेला नाही. त्यामुळे तिचा प्रश्न अगदी रास्त होता. युद्धावरची, अन्यायावरची आजची कविता हातात घेतल्यावर असेच अडखळणारे जाणते वाचकही मला भेटतात. "कळलं सगळं, पण यात कविता कुठे आहे?" असं ते विचारतात. त्या दिवशी भाचीला मी जे सांगू पाहत होते ते इथे जरा ऐसपैस लिहिते. विषय अफाट आहे, म्हणून एकच वाट धरते. दरवीशच्या त्या यादीतली पन्नास झाडं. माणसं आणि घरं मोजणं समजू शकतं. झाडं त्यात कशाला आली?

आपण मराठी माणसं झाडाकडे जातो ते तुकोबांचं बोट धरून. 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' हे आपल्या कानांत शाळेच्याही आधी पडलेलं असतं. झाड म्हणजे सोयरा, एकांत, मनाचा विसावा. पुढे बालकवींचे 'हिरवे हिरवे गार गालिचे' येतात. निसर्गकविता म्हटलं की डोळ्यांपुढे येणारं चित्र या वाटेनं तयार झालेलं आहे, आणि ते सुंदर आहे. पण ते मनात घट्ट धरून आजची जगातली कविता वाचायला घेतली की गोंधळ उडतो. कारण मधल्या काळात कुणीतरी एक फार अवघड प्रश्न विचारून ठेवला आहे.

तो विचारणारा जर्मन कवी आणि नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त. २७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री बर्लिनमध्ये जर्मन संसदेची इमारत जळाली आणि दुसऱ्याच दिवशी ब्रेख्त देश सोडून निघाला. पुढची काही वर्षं त्यानं डेन्मार्कमध्ये काढली. तिथे त्यानं आपल्यानंतर जन्माला येणाऱ्यांना उद्देशून एक कविता लिहिली. ती १९३९ साली प्रसिद्ध झाली. त्यात तो म्हणतो, हा कसला काळ आला आहे, झाडांबद्दल बोलणंसुद्धा जवळजवळ गुन्हा ठरतो, कारण त्या बोलण्यात कितीतरी दुष्कृत्यांबद्दलचं मौन असतं.

ही ओळ इतकी गाजली की तिचा अर्थ बोथट झाला. अनेकांनी ती निसर्गकवितेवरची बंदी समजून वापरली. मला ते चुकीचं वाटतं. तिच्यातला 'जवळजवळ' हा शब्द सोडून चालणार नाही. शिवाय आरोप झाडावर नाही, मौनावर आहे. बाहेर माणसं उचलून नेली जात असताना मी बहरलेल्या फांदीवर लिहीत बसलो, तर माझ्या फांदीनं त्या माणसांना झाकून टाकलं असं होतं का, हा त्याचा प्रश्न आहे. आणि तो विचारताना ब्रेख्त खिन्न आहे. झाडांबद्दल निर्धास्तपणे बोलता यावं असा काळ त्याला हवा होता. निर्वासनाच्या त्याच वर्षांत त्यानं मुलांसाठी एका आलुबुखाराच्या झाडावर कविता लिहिली. वाड्याच्या अंगणातलं खुरटं झाड. कुणी तुडवू नये म्हणून भोवती कुंपण घातलेलं. ऊन मिळत नाही म्हणून वाढत नाही, फळ कधीच धरत नाही. पण पान बघितलं तर कळतं की आहे आलुबुखारच. यात हिटलरचं नाव कुठे नाही. तरी उन्हाविना वाढलेलं ते झाड वाचताना त्या काळातली मुलं डोळ्यांपुढे येतात.

म्हणजे ब्रेख्तच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच हातून होऊ लागलं होतं. झाडाबद्दल असं बोलायचं की मौन राहूच नये.

ल्युसिल क्लिफ्टन या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कवयित्रीनं ही गोष्ट सर्वांत साध्या शब्दांत सांगितली आहे. २००४ साली आलेल्या तिच्या संग्रहात एक अगदी लहानशी कविता आहे. ती म्हणते, गवताचं कौतुक करणाऱ्या, आकाशाच्या निळाईबद्दलच्या कविता मला लिहिता येतात की. येतातच. पण झाडं आपल्या गाठाळ फांद्या हलवतात असं लिहायला घेतलं की त्या कवितेच्या खाली नेहमी दुसरीच एक कविता का असते?

कविता इथेच संपते. खालची कविता कोणती हे ती सांगत नाही आणि सांगण्याची गरजही नाही. तिच्या वाडवडिलांसाठी कापसाचं शेत म्हणजे फटके होते. जंगल म्हणजे पळून जाताना लपायची जागा होती, आणि मागावर सोडलेले कुत्रेही तिथेच येत. झाडाची फांदी म्हणजे जमावानं माणसाला लटकवायची जागा. तिनं 'गाठाळ फांद्या' लिहिलं की हे सगळं वर येणारच. गोऱ्या कवीला झाड जसं दिसतं तसं तिला दिसू शकत नाही, आणि म्हणून तिचं झाड कमी सुंदर होतं असंही नाही. वरच्या ओळी खरोखर सुंदर आहेत. दोन्ही कविता एकाच वेळी खऱ्या आहेत.

आजची कविता वाचायला एवढी एक किल्ली बऱ्यापैकी पुरते. वरची कविता वाचायची आणि थांबून विचारायचं, हिच्या खाली काय आहे?

पुन्हा दरवीशच्या यादीकडे येऊ. ऑलिव्हचं झाड शेकडो वर्षं जगतं. ते हळूहळू वाढतं, आजोबानं लावलेल्या झाडाचं तेल नातू खातो. शरद ऋतूत फळं उतरवायची वेळ आली की आख्खं कुटुंब रानात जमतं. कोकणात एखाद्या घराची जुनी बाग असावी तसं. त्यामुळे पन्नास ऑलिव्ह पाडली म्हणजे पन्नास खोडं गेली एवढंच होत नाही. आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलो याचा पुरावा उपटला गेला. दरवीशला हे स्वतःच्या आयुष्यातून ठाऊक होतं. १९४१ साली तो अल-बिर्वा नावाच्या खेड्यात जन्मला. १९४८ च्या युद्धात कुटुंब लेबनॉनला पळालं आणि वर्षभरानं परतलं तेव्हा गाव उद्‌ध्वस्त झालेलं होतं.

आणि ती शेवटची ओळ, कवितेच्या बांधणीतल्या दोषाची? तिच्यात मला तर सगळ्या तुकड्याचा जीव दिसतो. रोज मृतांचा आकडा मोजणाऱ्या माणसाला सुडौल, घोटीव कविता लिहिता येणार नाही हे तो कबूल करतो आणि तेही नुकसानीतच धरतो. यादीसारखी दिसणारी ही कविता यादीसारखी का दिसते याचं कारण यादीतच लिहिलेलं आहे. भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग हे भाषिक वैशिष्ट्यांत लिहायचं की आशयसौंदर्यात?" मला उत्तर देता आलं नाही.

रूप मोडलेलं असणं हाच अर्थ, हे दुसऱ्या एका कवयित्रीकडे तर डोळ्यांनी बघता येतं. ल्यूबा याकिमचुक युक्रेनच्या पूर्वेकडच्या लुहान्स्क भागातली, पेर्वोमाय्स्क या गावची. हा दोनबासचा मुलूख, कोळशाच्या खाणींचा. तिच्या कवितेत जर्दाळूची झाडं केशरी फळं डोक्यावर घेऊन उभी असतात ती खाणकामगारांच्या हेल्मेटसारखी. २०१४ साली तिथे लढाई पेटली आणि तिचं घर ताब्याबाहेर गेलं. पुढच्या वर्षी आलेल्या तिच्या संग्रहाच्या नावातच दोनबासचे जर्दाळू आहेत. त्यातल्या एका कवितेत ती शब्दच फोडते. लुहान्स्क आता उरलंच नाही, उरलं फक्त 'हान्स्क', कारण 'लु' जमीनदोस्त झालं. पेर्वोमाय्स्कवर बॉम्ब पडून त्याचे 'पेर्वो' आणि 'माय्स्क' असे तुकडे झाले. शेवटी ती म्हणते की मी खूप म्हातारी झाले आहे, आता ल्यूबा राहिले नाही, नुसती 'बा' उरले आहे. तिच्या भाषेत ल्यूबा हे नाव प्रेम या शब्दापासून आलेलं आहे. मग नावातून काय गळून गेलं ते बघा. ही कविता मोठ्यानं वाचली तर जीभ अडखळते आणि ती अडखळावी अशीच तिची रचना आहे. ज्यांच्या गावाचं नाव रोजच्या बातम्यांत येऊन येऊन पार झिजून जातं, त्यांना ते घेताना असंच होत असणार.

कधीकधी झाडच शत्रू ठरवलं जातं. व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकन विमानांनी ७ कोटी लिटरहून अधिक तणनाशकं जंगलांवर आणि शेतांवर फवारली. पानं झडली की खाली लपलेले सैनिक दिसतील असा हिशेब होता. डब्ल्यू. एस. मर्विन हा अमेरिकन कवी १९६७ साली लिहितो की जंगलं नष्ट झाली तरी त्यांचा अंधार मागे राहतो. जंगलातला गारवा, गूढता, सावली हे सारं गेलं आणि त्यातला अंधार तेवढा उरला. तो मग माणसांच्या मागे लागला. मर्विननं त्या सुमारास आपल्या कवितेतून विरामचिन्हं काढून टाकली होती. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. वाचणाऱ्याला टेकायला जागाच मिळत नाही.

या मर्विनबद्दल आणखी थोडं सांगायलाच हवं. तो पुढे हवाईतल्या माउई बेटावर राहायला गेला. अननसाच्या शेतीनं कस गेलेली पडीक जमीन त्यानं घेतली आणि तिथे पामची झाडं लावायला सुरुवात केली. चाळीस वर्षांत तीन हजारांच्या आसपास झाडं आणि चारशेहून अधिक प्रकार. जगाच्या शेवटच्या दिवशी मला एक झाड लावायला आवडेल, असं त्यानं एका कवितेत लिहिलं आहे. फळासाठी नव्हे, हेही तो तिथेच सांगून टाकतो. कवी काही म्हणतो आणि जगतो भलतंच, असं आपण पुष्कळदा पाहतो. हा माणूस २०१९ साली गेला तोवर त्याच झाडांमध्ये राहत होता. मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो.

तिकडेच, पॅसिफिक महासागरात, मार्शल बेटं आहेत. अमेरिकेनं १९४६ ते १९५८ या काळात तिथे ६७ अणुचाचण्या केल्या. त्यातल्या एनेवेटाक प्रवाळबेटांच्या माळेत रुनित नावाचं एक बेट आहे. एका स्फोटानं पडलेल्या खड्ड्यात किरणोत्सारी माती भरून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यावर काँक्रीटचा भलाथोरला घुमट बांधला गेला. तिथली कवयित्री कॅथी जेतनिल-किजिनर २०१८ साली त्या घुमटावर जाऊन उभी राहिली आणि बेटालाच उद्देशून कविता म्हणाली. तू एकेकाळी सबंध बेट होतास, असं ती त्याला सांगते, आणि त्याच्यावरची झाडं आठवते. हिरव्या गोल फळांनी लगडलेली, मोठमोठ्या होड्यांचं वचन कुजबुजणारी झाडं.

हे झाड आपल्या ओळखीचं आहे. कोकणात आणि गोव्यात परसात असतो तो नीरफणस, ज्याची कापं आपण रवा लावून तळतो. मार्शल बेटांवर त्याच्या फळावर माणसं जगत आली आणि त्याच्या खोडातून होड्या कोरत आली. आता ती ओळ पुन्हा वाचून पाहा. झाड होडीचं वचन देतं म्हणजे समुद्र ओलांडायचं, परत यायचं, दुसऱ्या बेटावरच्या सोयऱ्यांना भेटायचं वचन देतं. त्या जागी आता घुमट आहे. कवितेत संतापाचे शब्द थोडेच आहेत, पण नीरफणस चाखलेल्या माणसाला तेवढे पुरतात.

युद्ध संपल्यानंतरचं काय? विस्वावा शिम्बोर्स्का या पोलिश कवयित्रीनं, जिला १९९६ साली नोबेल मिळालं, याच प्रश्नावर १९९३ मध्ये एक कविता प्रसिद्ध केली. प्रत्येक युद्धानंतर कुणाला तरी झाडलोट करावी लागते, असं ती सांगते. रस्त्यावरचा मलबा बाजूला सारायचा, म्हणजे प्रेतांनी भरलेल्या गाड्या जाऊ शकतील. भिंतीला टेकू द्यायचा, खिडकीला काच बसवायची. या कामात दिमाख नाही आणि तोवर कॅमेरे दुसऱ्या युद्धाकडे गेलेले असतात. हळूहळू जे जाणत होते ते जातात, कमी जाणणारे येतात, मग काहीच न जाणणारे. शेवटी कारणं आणि परिणाम झाकून टाकणाऱ्या गवतात कुणीतरी दातांत काडी धरून पडलेलं असतं, ढगांकडे बघत.

हे शेवटचं चित्र सुखाचं आहे की भयाचं, यावर मी कित्येकदा विचार केला आहे आणि आजही माझं मत पक्कं नाही. गवतात निवांत पडून ढग बघता येणं हेच तर शांततेचं सुख. ब्रेख्तला हवा होता तो हाच काळ. पण त्या माणसाच्या पाठीखाली काय आहे हे त्याला ठाऊक नाही. बालकवी १९१८ साली गेले. त्याच वर्षी अमेरिकेत कार्ल सँडबर्गची गवतावरची कविता छापून आली, जिच्यात गवत स्वतःच बोलतं: वॉटर्लू, गेटिसबर्ग, व्हर्दं या रणांगणांवर रचा प्रेतांचे ढीग आणि मला माझं काम करू द्या, मी सगळं झाकून टाकतो. हिरवा गालिचा तोच. मला बालकवींची फुलराणी आजही तितकीच आवडते. मात्र हे वाचल्यापासून गालिचा या शब्दाशी मी क्षणभर थबकते.

इथे एक शब्द समजावून सांगते, कारण या कवितांच्या चर्चेत तो सारखा येतो: साक्ष. अमेरिकन कवयित्री कॅरोलिन फोर्शे हिनं १९९३ साली विसाव्या शतकातल्या युद्धं, तुरुंग, हद्दपारी भोगलेल्या कवींच्या कवितांचा एक मोठा ग्रंथ संपादित केला आणि तेव्हापासून 'साक्षीची कविता' हे नाव रुळलं. साक्षीदार म्हणजे जो तिथे होता, ज्यानं पाहिलं. याचा सर्वांत लख्ख दाखला रशियाच्या आना अख्मातोवाचा. स्टालिनच्या दहशतीत तिचा मुलगा तुरुंगात होता आणि ती लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर सतरा महिने रांगेत उभी राहत होती. थंडीनं ओठ निळे पडलेल्या एका बाईनं एकदा तिच्या कानाशी येऊन विचारलं, हे तुम्हाला शब्दांत सांगता येईल? अख्मातोवा म्हणाली, येईल. त्या कवितेचे तुकडे कागदावर लिहायचे, विश्वासातल्या मैत्रिणीनं ते पाठ करायचे आणि मग कागद जाळून टाकायचा, अशी ती जपली गेली. सोव्हिएत संघात ती १९८७ साली छापली गेली. तिच्यातही झाड आहे. तुरुंगातलं पॉप्लर हलतं, आवाज काही येत नाही, आणि आत किती निरपराध जीव संपत असतात.

आपल्याकडे हे नव्हतं असं कुणी समजू नये. कवी अनिल यांनी मराठीत मुक्तछंद रुजवला आणि १९४३ साली त्यांनी 'निर्वासित चिनी मुलास' ही दीर्घ कविता प्रसिद्ध केली. जपाननं चीनवर केलेल्या आक्रमणात घरदार गमावलेलं एक मूल, आणि त्याच्याशी मराठीत बोलणारा एक कवी. त्यांच्या १९४७ च्या संग्रहाचं नाव 'पेर्ते व्हा'. पावसाआधी पावशा पक्षी ओरडतो, त्याची हाक शेतकऱ्याला 'पेर्ते व्हा' अशी ऐकू येते. पक्ष्याची हाक, शेतकऱ्याचं काम आणि त्या वर्षात उभा देश हे तिघं दोन शब्दांत आले.

ना. धों. महानोरांचं रान तर शेतकऱ्याचंच होतं. 'या नभाने या भुईला दान द्यावे' ही ओळ आपण गाणं म्हणून गुणगुणतो, पण ती कोरडवाहू शेतकऱ्याची मागणी आहे. दान आलं नाही तर काय होतं हे १९७२ च्या दुष्काळानं दाखवलं. 'रानातल्या कविता' १९६७ च्या. २००० साली ज्या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला त्याचं नाव 'पानझड'.

नामदेव ढसाळांची सूर्यफुलं याहून निराळी. 'गोलपिठा' १९७२ साली आला. ढसाळांची कविता म्हणजे शहराचं गटार आणि शिव्या, अशी वाचण्याआधीच समजूत करून घेणाऱ्यांना त्यांच्या एका फार प्रसिद्ध कवितेतली सूर्यफुलं दाखवावीत. ज्यांना शतकानुशतकं सूर्याकडे पाठ करून चालावं लागलं त्यांच्याबद्दल ती बोलते. हजारो वर्षांनी एक फकीर भेटला, त्यानं हाती सूर्यफुलं दिली, आता सूर्यफुलासारखं सूर्याकडे तोंड केलंच पाहिजे. तो फकीर म्हणजे बाबासाहेब आंबेडकर हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. फुलानं उजेडाकडे वळणं ही निसर्गातली किती साधी गोष्ट. माणसाला ती करायला लढा द्यावा लागला, हे तिच्या खालचं.

आणि जपून पावलं टाकायला शिकवणारी कविता वाहरू सोनवणे यांची. भिल्ल समाजातल्या या कवीची 'स्टेज' ही कविता चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेली असते. आम्ही स्टेजवर गेलो नाही, आम्हाला बोलावलंही नाही. बोटानं आमची जागा दाखवली, तिथे आम्ही बसलो. ते स्टेजवर उभे राहून आमचं दुःख आम्हालाच सांगत राहिले. आमचं दुःख मात्र आमचंच राहिलं, त्यांचं कधी झालंच नाही. साक्षीची कविता आणि दुसऱ्याच्या दुःखावर उभी राहिलेली कविता यांत फरक कसा ओळखायचा, असं मला कुणी विचारलं तर मी ही कविता हातात देते. घरात बसून दूरच्या युद्धावर कविता लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. भावना खरी असते. पण कवितेत त्या गावचं एकही झाड, एकही रस्ता, एकही नाव नसतं, नुसती 'मानवता' आणि 'रक्त' असतं. अशी कविता मला स्टेजवरून आल्यासारखी वाटते.

ब्रेख्तला थेट उत्तर दिलं ते अमेरिकन कवयित्री एड्रियन रिच हिनं, १९९५ च्या संग्रहातल्या एका कवितेत. दोन झाडींच्या मधली एक जागा तिला ठाऊक आहे. ज्यांचा छळ झाला ते लोक तिथून सावल्यांत नाहीसे झाले. ती जागा कुठे आहे हे मी सांगणार नाही, ती म्हणते, कारण कोण ती विकत घेऊ बघतंय, विकू बघतंय, नाहीशी करू बघतंय हे मला माहीत आहे. मग मी हे तुम्हाला सांगतेच कशाला? कारण तुम्ही अजून ऐकताय. आणि अशा काळात तुम्ही ऐकावं असं वाटत असेल तर झाडांबद्दल बोलणं गरजेचं आहे.

ब्रेख्तला जे जवळजवळ गुन्हा वाटलं तेच तिनं ऐकवण्याचा एकमेव मार्ग म्हणून उचललं. अन्यायाबद्दल थेट बोललं की माणसं कान मिटतात, त्यांना सगळं आधीच ऐकल्यासारखं वाटतं. झाडाबद्दल बोललं की ती चार पावलं जवळ येतात.

मला या सगळ्यात सर्वांत जवळची आहे ती ताहा मुहम्मद अली यांची सूडावरची कविता. सफ्फूरिया या पॅलेस्टिनी गावात १९३१ साली जन्म, १९४८ मध्ये गाव सुटलं, पुढे नाझरेथमध्ये त्यांनी आयुष्यभर पर्यटकांसाठी भेटवस्तूंचं दुकान चालवलं. शाळा लहानपणीच सुटलेली. २००६ सालच्या या कवितेत ते म्हणतात, माझ्या बापाला मारणाऱ्या, माझं घर पाडणाऱ्या माणसाशी द्वंद्व व्हावं असं कधी कधी वाटतं. पण त्याची आई वाट बघत असेल, तो पाव तास उशिरा आला तरी छातीवर हात ठेवणारा बाप असेल, तर मी त्याला मारणार नाही. भाऊबहिणी असतील, बायको, पोरं, मित्र, दवाखान्याच्या खोलीतले ओळखीचे असतील, तरी नाही. आणि समजा तो झाडावरून तोडलेल्या फांदीसारखा एकटा निघाला, कुणी कुणी नसलेला, तर त्याच्या त्या एकटेपणात मी आणखी भर घालणार नाही. रस्त्यात दिसला तर त्याच्याकडे लक्ष देणार नाही, आणि लक्ष न देणं हाही एक सूडच आहे अशी स्वतःची समजूत घालेन.

ही क्षमा आहे असं काही जण म्हणतात. मला ती क्षमेहून अवघड वाटते. राग तसाच आहे, घर पाडलेलं तसंच आहे, आणि तरीही शत्रूच्या घरची माणसं एकेक करून मोजायची. दरवीशनं आपल्या नुकसानीची यादी केली. यांनी मारेकऱ्याला कोण कोण आहे त्याची केली. भाचीनं ही कविता दोनदा वाचली आणि ती यादी आहे का, असं विचारलं नाही.

दिवाळीनंतर तिला गावी सोडायला गेले. फाट्यापासून घरापर्यंत आम्ही चालत निघालो. रस्ता रुंद होणार आहे, म्हणून दोन्ही बाजूंच्या झाडांच्या सालीवर पांढऱ्या रंगानं चौकट करून आकडे घातले होते. ती एकेक आकडा वाचत चालली. ८७ पाशी थांबली आणि खोडावर हात ठेवून म्हणाली, "मावशी, ही चिंच आहे. चिंच असं कुठे लिहिलंच नाहीये."

८८ कडुलिंब होता. ८९ ला जरा वेळ लागला, पानं उंच होती. तो करंज निघाला. मग घर येईपर्यंत आम्ही दोघी नावं घेतच चाललो.